जनरेटरच्या खोलीतली आग आणि चुकीची यंत्रणा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रुग्णालयात आग लागली की चर्चा वायरिंग, एसी आणि ऑक्सिजनवर येऊन थांबते. जनरेटरच्या खोलीचे नावही निघत नाही. रुग्णालयाच्या देखभाल विभागातून निवृत्त झालो आहे, म्हणून त्या खोलीबद्दल लिहितो.

तिथे आग लागायला ठिणगीची गरज नसते. चालत्या इंजिनाचा टर्बोचार्जर आणि एक्झॉस्ट इतके तापलेले असतात की इंधनाच्या नळीचा जोड सैल होऊन डिझेलचा बारीक फवारा त्यांवर उडाला तरी पुरे. म्हणजे धोका सर्वाधिक इंजिन चालू असताना, आणि चाचणीचे दिवस सोडले तर ते चालू असते मुख्य वीज गेलेली असते तेव्हाच. त्या वेळी अतिदक्षता विभाग, ऑपरेशन थिएटर, सक्शनचे पंप, सगळे त्याच्याच जिवावर चाललेले असते.

आग विझवण्यासाठी आमच्याकडे या खोलीत कार्बन डायऑक्साइड गॅस सोडणारी यंत्रणा होती. बंद सर्व्हर रूमला शोभणारी व्यवस्था ठेकेदाराने जशीच्या तशी इथे आणून बसवली होती. सर्व्हर रूम बंद असते, जनरेटरच्या खोलीला मात्र सतत हवा लागते. रेडिएटरचा पंखा चालू असेल तर सोडलेला गॅस काही क्षणांत लुव्हरमधून, म्हणजे हवेसाठीच्या जाळीतून, बाहेर जातो. म्हणून आधी इंजिन थांबवायचे, डॅम्पर (हवेच्या वाटेवरच्या झडपा) लावून घ्यायचे आणि मग गॅस सोडायचा, अशी मांडणी केली जाते. इंजिन थांबवले नाही आणि ते खोलीतलीच हवा ओढत असेल, तर गॅस आत जाऊन ते गुदमरते. दोन्हीकडून रुग्णालय अंधारात. शिवाय असा गॅस हवेत ३४ टक्क्यांच्या आसपास भरावा लागतो. तेवढ्यात आत अडकलेला ऑपरेटर काही मिनिटांतच दगावतो.

एका चाचणीत जनरेटरचा सेट सुरू झाला, एक्झॉस्टच्या जोडातून नेहमीसारखा थोडा धूर आला, धुराचा डिटेक्टर वाजला आणि इंटरलॉकने, म्हणजे गजर होताच इंजिन आपोआप थांबवणाऱ्या जोडणीने, इंजिन बंद केले. आग कुठेच नव्हती. गॅसच्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह त्या दिवशी लॉक केलेले होते, हे नशीब.

हे काही माझेच शहाणपण नाही. आपत्कालीन वीजव्यवस्थेसाठीचे ‘एनएफपीए ११०’ हे अमेरिकी मानक स्पष्ट सांगते की इंजिनासाठीची हवा इमारतीबाहेरून घेतलेली नसेल, तर या खोलीत कार्बन डायऑक्साइड किंवा हॅलॉन (आग विझवणारा दुसरा गॅस) वापरू नये. कोरड्या पावडरीच्या स्वयंचलित यंत्रणेलाही ते मोकळे रान देत नाही. पावडरीमुळे सेटचे काम अडणार नाही याची निर्मात्याने हमी द्यावी लागते. आणि अशा खोलीच्या भिंतींनी २ तास आग रोखावी, अशीही त्यात अट आहे.

मग वापरायचे काय? पाणी. विजेच्या खोलीत पाणी म्हटले की लोक दचकतात, आमचे वरिष्ठही दचकले होते. पण स्प्रिंकलर, म्हणजे छताला बसवलेला पाण्याचा फवारा, आग असेल तिथेच फुटतो, खोलीभर पाऊस पाडत नाही. फक्त त्यातला नेहमीचा, ६८ अंशांना फुटणारा काचेचा बल्ब या गरम खोलीत चालत नाही, जास्त तापमानाचा लागतो. बारीक तुषारांची यंत्रणा आणखी चांगली: कमी पाणी, आणि वाफ होताना उष्णता शोषली जाते. सोबत धुराऐवजी उष्णतेचे डिटेक्टर, आणि आग लागताच डिझेल तोडणारा व्हॉल्व्ह.

जो सेट खरोखर पेटला आहे तो जाणारच, हे मान्य. म्हणूनच दुसरा सेट दुसऱ्या खोलीत हवा. दोन्ही सेट, दोन्हींचे पॅनेल आणि डिझेलची टाकी एकाच छताखाली ठेवून ‘आमच्याकडे दुहेरी व्यवस्था आहे’ असे सांगणारी रुग्णालये मी पाहिली आहेत.

तपासणीला येणारे अधिकारी सिलिंडरची तारीख बघतात. चालू सेटवर गजर वाजला तर इंजिन कोण बंद करणार, माणूस की रिले (आपोआप चालणारा स्विच), हे मला नोकरीत एकदाही कोणी विचारले नाही. त्या चाचणीनंतर आमच्याकडे इंटरलॉकची वायर तेवढी काढून ठेवली. मी निवृत्त झालो तेव्हाही ती तशीच लोंबत होती.

आपला,
एक निवृत्त देखभाल अभियंता