पुन्हा षड्जापासून

चि. मैथिलीस,
अनेक आशीर्वाद.

गुरुजींनी तुला पुन्हा षड्जावर, म्हणजे नुसत्या 'सा'वर बसवलं, म्हणून काल तू विचारलंस, 'एकोणतिसाव्या वर्षी परत खर्ज भरत, खालचे सूर घोटत बसायचं, तर आजवर गायले ते काय होतं?' फोनवर एवढं बोलणं होत नाही, म्हणून लिहितो.

थोर गायिका केसरबाई केरकर १८९२ सालच्या, गोव्यातल्या केरीच्या. लहानपणी इथंच कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे त्यांची सुरुवात झाली. पुढं गोव्यात रामकृष्णबुवा वझे, मुंबईत बरकतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले. एवढं शिकणं गाठीशी असताना १९२१ साली, म्हणजे जवळजवळ तुझ्याच वयात, त्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शागीर्द झाल्या आणि १९४६ मध्ये खाँसाहेब जाईपर्यंत शिकत राहिल्या. पंचवीस वर्षं, बाळ! दरम्यान देशभर नाव झालं, मोठमोठ्या मैफली गाजल्या, तरी तालीम चालूच. मला त्यांच्या कीर्तीपेक्षा हे मोठं वाटतं.

खुद्द अल्लादिया खाँसाहेबांचं काय झालं होतं? तरुणपणी अतोनात गाण्यानं त्यांचा आवाज गेला. परतला, तो पहिल्यासारखा नव्हे. मग जो गळा उरला, त्याला पेलेल अशी गायकी त्यांनी बांधत नेली. तू आज जी शिकतेस ती हीच. गायक मल्लिकार्जुन मन्सूरही ग्वाल्हेर घराण्याची तालीम घेऊन, स्वतःच्या ध्वनिमुद्रिका निघाल्यावर अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव मंजी खाँ यांच्याकडे गेले. १९३७ मध्ये मंजी खाँ वारले, तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ भुर्जी खाँ यांच्यापुढं बसले.

तुला तुझंच गाणं आवडेनासं झालंय, असं तू म्हणालीस. मला त्याचा आनंद झाला. तुझा कान पुढं गेलाय आणि गळा अजून मागं आहे. गेल्या कार्यक्रमात यमन रागाच्या विलंबितात, म्हणजे संथ लयीत, खालच्या मंद्र सप्तकात थांबायच्या आधीच तू वर निघालीस, ते मलाही जाणवलं. चार वर्षांपूर्वी असंच गायली असतीस, तर ते तुला खटकलंही नसतं. म्हणजे आजवरचं गाणं वाया गेलं नाही, त्यानंच तुला हे ऐकायला शिकवलं.

गुरुजी तुझा पाणउतारा करत असतील तर खुशाल सोड, मी तुझ्या बाजूनं उभा आहे. पण नुसतं षड्जावर बसवलं म्हणून सोडू नकोस. तानेची तयारी मेहनतीनं दोन-तीन वर्षांत येते, रागात निवांत राहणं मात्र वयाबरोबर येतं. साठीत गाशील तो यमन आज गाता येणार नाही, आणि यायची गरजही नाही.

यंदा कार्यक्रम कमी घे. पैशांची ओढाताण होईल, तर खोलीचं भाडं दिवाळीपर्यंत मी भरतो. आईशी बोलणं झालंय, तिचीही हरकत नाही. पहाटेच्या रियाजाला शेजारी कुरकुरत असतील तर वरच्या मजल्यावरची खोली मिळते का, मालकांना विचार आणि मला कळव.

तुझे,
बाबा