सातपुड्यातल्या सगळ्यांना मनापासून थँक्यू

यावलच्या बाजूला सातपुड्यातल्या जंगलाचा जुना इतिहास गोळा करायला आम्ही व्हॉलंटिअर म्हणून फिरतोय, त्यात ज्यांनी मदत केली त्यातल्या बऱ्याच जणांची नावं पण विचारायची राहिली, म्हणून सगळ्यांचेच आभार. पाड्यावरच्या तडवी आजी, तुम्ही एवढ्या उन्हात सोबत चालत अंजनाची झाडं कुठे होती, सालईची कुठे, कोणता मोह कोणत्या घराचा मानायचे ते सगळं दाखवलं आणि वर भाकरी-ठेचा खाऊ घातला! १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगल आलं हे पुस्तकात मिळतं, पण त्याआधी गुरं कोणत्या वाटेने चरायला जायची ते तुमच्याकडूनच कळलं. मोडी लिपीतले जुने कागद बसून वाचून देणारे काका, तुमचे तर किती आभार मानू. आणि घाटात टायर बदलून देणारे भाऊ, चहाचे पण पैसे घेतले नाहीत तुम्ही.