अठ्ठावीस तुकडे

भुसावळ,
रविवार, रात्री

प्रिय मैत्रिणीस,
प्रभूच्या नावात सलाम.

जानेवारीनंतर पत्र नाही, फोनवर नुसतं ‘बरं आहे ना’. रागावली असशील तर तुझा हक्क आहे. इकडे तब्येती ठीक. मोठ्या आईचे गुडघे तसेच, ह्यांची साखर आटोक्यात. मे महिना आहे, 45 अंशांत माणसं जशी असतात तशी आहोत.

आज आपल्या घरात भरणाऱ्या मंडळीच्या उपासनेत, प्रभु येशूच्या आठवणीची भाकर मोडून वाटतो त्या प्रभुभोजनाला, भाकर कमी पडली.

दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, ‘मग काय, पुढच्या वेळी जास्त कर.’ तुला कळेल, म्हणून लिहायला बसले. तुकडे 28 आणि घेणारी माणसं 34. दीपनगरची दोन नवी घरं आली होती, त्यांच्यासोबत सुट्टीला आलेले पाहुणे. ताट खोलीबाहेरच्या ओट्यापर्यंत पोचलं तेव्हा रिकामं. ओट्यावर कोण बसतं ते तुला सांगायला नको. नाईट करून थेट आलेले, लेकुरवाळ्या, उशीर झालेले. गँगमन काकांनी उंबऱ्यापाशी आपला तुकडा मोडून मागे दिला, तिथून तो आणखी मोडला गेला. कुणी चकार शब्द काढला नाही. पण बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय नुकताच वाचून झाला होता गं! प्रेषित पौल त्यात ह्याच गोष्टीवरून खडसावतो. आधी आलेले जेवून मोकळे, मागचे उपाशी, म्हणून एकमेकांसाठी थांबा. आणि आमचं ताट पुढच्या पुढे संपलं.

माप तुझंच चालू आहे. पाव किलो कणीक, चिमूटभर मीठ, दोन चमचे तेल, घट्ट मळून वीस मिनिटं झाकून. पाव इंच जाड लाटायची, काट्याने सगळीकडे टोचायची, सुरीने चार बाय सातच्या रेघा ओढायच्या आणि मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजायची. टोचण्यात आळस केला की ती फुलक्यासारखी फुगते, दोन पापुद्रे होतात आणि मोडताना नुसता चुरा पडतो. हे आता नव्या मुलींना शिकवलंय. द्राक्षरसाचंही त्यांच्याकडेच दिलंय. 200 ग्रॅम काळे मनुके पाऊण लिटर पाण्यात शनिवारी दुपारी चार तास भिजवायचे, दहा मिनिटं उकळायचे, कुस्करून मलमलच्या फडक्यातून गाळायचे आणि गार करून फ्रिजमध्ये. एकीने गेल्या महिन्यात मनुके न उकळता रात्रभर स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवले. सकाळी फेस! मनुक्याच्या सालीवरच आंबवणारं बी असतं, आणि आपल्याकडच्या उकाड्यात त्याला एक रात्र पुरते. उकळलं की ते मरतं. तुझ्या हातची ती शिट्टी मारणारी बाटली आठवून सगळ्या जणी पोट धरून हसल्या.

कणीक 350 ग्रॅम घेता येईल, तो प्रश्नच नाही. प्रश्न खोलीचा आहे. दहा बाय चौदा, म्हणजे 140 चौरस फूट. कपाट, वाजवायची पेटी आणि कूलर मिळून वीस खातात. गीतांचं पुस्तक उघडून मांडी घालून बसायला माणसाला पाच चौरस फूट तरी लागतात. म्हणजे 24 माणसं. त्यावर आलेला माणूस ओट्यावरच बसणार, आणि ओट्यावर वचन अर्धं ऐकू येतं. कूलरचं तर विचारू नकोस. खिडकी बंद ठेवून लावतात, समोरून हवा बाहेर जायला वाट नाही, मग पंधरा मिनिटांत खोली दमट होते आणि आतले लोक बाहेरच्यांपेक्षा जास्त घामेजतात. वर तीच ओली हवा पेटीवर. लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, स्वरांच्या पितळी पात्या खराब होतात. ‘मागची खिडकी उघडा, पेटी दुसऱ्या कोपऱ्यात’ हे मी दर रविवारी सांगते.

आता ऐक. तीन वर्षांपूर्वी तू म्हणाली होतीस, ‘24 झाले की दोन घरं करा.’ मी तुला मंडळी फोडणारी म्हटलं. तू दौंडला जाईपर्यंत आपण नीट बोललो नाही, आणि तुझ्या निरोपाच्या वरणबट्टीत मी तूप वाढायलासुद्धा उठले नाही. आज ओट्यावरचं ते ताट पाहिल्यावर कळलं की तुझंच खरं होतं. मंडळी आधीच दोन झाली आहे, एक आतली आणि एक ओट्यावरची. आपण फक्त तसं म्हणत नाही. माफ कर मला.

तेव्हा दोन घरं करायची हे माझ्या मनाने घेतलंय. दुसरं घर दीपनगरकडे. तिकडच्या पाच घरांना इथे यायला रिक्षाचे पैसे मोजावे लागतात. वाटणी वस्तीनेच व्हायला हवी. ज्याचं ज्याच्याशी जमतं तसे गट केले, तर एकीकडे सगळे गाणारे आणि दुसरीकडे सगळे दुखावलेले जमतील. तरुण पोरांना हे पटत नाही, त्यांना एकत्र राहायचंय. त्यांची समजूत काढावी लागेल.

खरी अडचण माणसांची आहे. पास्टर महिन्यातून एकदाच येतात. बाकीच्या रविवारी वचन सांगणारे आपल्याकडे तीन, आणि त्यातल्या दोघांना रेल्वेची ड्युटी. एका घराला निदान दोघे हवेत, नाहीतर एकटा माणूस नाताळापर्यंत थकून जातो. आत्याने वचन सांगावं असं मला फार वाटतं. बायकांच्या घरच्या मंडळ्या बायबलातच आहेत. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात प्रिस्काच्या घरची मंडळी आहे, कलस्सैकरांस पत्रात नुंफाच्या घरची. पण आत्या म्हणते, ‘मी प्रार्थना करीन, उभी राहणार नाही.’ तू तिला फोन कर. तुझं ती ऐकते.

पेटी एकच, वाजवणाराही एकच. ती इकडेच राहू दे. तिकडे खंजिरी आणि टाळ पुरतील. ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तरी अभंग-ओवी सोडली नाही, म्हणून तर त्यांची गीतं नुसत्या टाळावर उभी राहतात. सूर धरणारी एक बाई मात्र पाहिजे, नाहीतर तिसऱ्या कडव्यापर्यंत सगळे वर चढतात आणि मग दम लागतो.

दानाचं मी ठामपणे सांगितलंय. पैसे खोलीतून बाहेर जाण्याआधी मोजायचे, दोघांनी मोजायचे, ते दोघे एका घरचे नकोत, आणि वहीत दोन सह्या. संशय कुणावरच नाही. ज्याच्या हाती पैसे असतात त्यालाच ह्याचा आधार होतो. घरवाल्यांचं वीजबिल आणि गॅस ह्यांचा वाटा आधी काढायचा, कारण यजमान मागत नाही आणि मनात कुढतो. घरमालक आणि वचन सांगणारा एकच नको हेही त्यात आलं. मग त्या घरात त्याच्याशी मतभेद बोलायला जागाच उरत नाही. शेजाऱ्यांच्या दारात चपला आणि मोटारसायकली नकोत, दुपारी ढोलक नको. इतकी वर्षं शेजारच्या मावशी आपल्याला पाणी देतात, ते आपण त्यांचं दार मोकळं ठेवतो म्हणून.

चहाचा हिशोब सोपा. 30 अर्धे कप म्हणजे दीड लिटर दूध, एक लिटर पाणी, पाव किलो साखर, 60 ग्रॅम पावडर, आलं. (दूध सव्वा लिटर पुरे असं तू म्हणायचीस. नाही पुरत. ह्यात मी हटणार नाही.) अवघड आहे ते त्याच तिघी जणी दर वेळी चुलीपाशी असणं. शेवटचं गीत त्या कधीच म्हणत नाहीत. आता पाळी घरावर लावलीय, बाईवर नाही. ज्या घराची पाळी त्या घरच्या पुरुषानेही कप विसळायचे. गेले दोन रविवार विसळले.

आता ज्याच्यावर माझी झोप अडली आहे ते. प्रभुभोजन कुठे करायचं? मला वाटतं, पहिल्या रविवारी सगळे एकत्र, एक भाकर, एक ताट. तू तेव्हा म्हणाली होतीस की ज्या घराला स्वतः भाकर मोडता येत नाही ती मंडळी नव्हे, तो वर्ग. हे वाक्य मला सोडत नाही. पण एकत्र यायचं तर 34 माणसं कुठे बसवू? पुन्हा ओटाच. आणि दोन भाकरी केल्या तर आज काकांनी मागे दिला तसा तुकडा एका घरातून दुसऱ्या घरात कोण देणार? तिकडे एखादं घर अडचणीत आलं तर इकडे कळेल का? प्रार्थनेचे विषय दर शनिवारी एकमेकांना कळवायचे एवढंच सुचलंय, आणि ते अपुरं आहे. पास्टर म्हणाले, तुम्हीच ठरवा. तू लिही. मला राग येईल असं असलं तरी लिही.

लेकीला बारावीत चांगले गुण पडल्याचं कळलं, तिला जवळ घे माझ्याकडून. सासूबाईंचं मोतीबिंदूचं झालं का? तुमच्या नव्या क्वार्टरला पाणी येतं ना? ह्या सगळ्यावर सावकाश लिहीन.

एक राहिलं. पाळीची जुनी वही, तुझ्या अक्षरातली, अजून माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर तू सगळ्यांची नावं लिहून समोर ‘झाडणे’, ‘पाणी’, ‘सतरंजी’ असं लिहिलंय. ती मी दीपनगरच्या घराला देऊ, की इथेच ठेवू? मला द्यावीशी वाटते, पण वही तुझी आहे. जूनच्या पहिल्या रविवारच्या आत कळव.

तुझीच,
भुसावळची