आराखडा गावाचा, गाव मात्र उसाच्या फडात : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : ऊसतोड गावांचा आरोग्य आराखडा 1 मे आणि 15 ऑगस्टच्या ग्रामसभांत करण्याबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात आरोग्यसेवक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. मासिक सभेत जे तोंडी सांगत आलो, ते आता लेखी आणि उघड सांगतो. मुख्य मागणी पैशाची नाही, तारखेची आहे.

ग्रामपंचायत विकास आराखड्याची 'सबकी योजना, सबका विकास' ही मोहीम 2018 साली 2 ऑक्टोबर ते 31 डिसेंबर अशी झाली आणि पुढेही तोच हंगाम धरला गेला. गावाचं आरोग्य, पाणी, स्वच्छता, पोषण सगळं या आराखड्यात येतं. आमच्याकडे दसरा झाला की ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाची गाडी दारात उभी राहते. दिवाळी कुणाची घरी होते, कुणाची कारखान्यावर. कार्तिकात कुठल्याही तांड्या-वस्तीवर चक्कर मारा. म्हातारी माणसं, शाळेपायी मागे ठेवलेली पोरं आणि दारांना कुलपं, एवढंच दिसेल. आणि नेमकी तेव्हा ग्रामसभेची नोटीस लागते.

ग्रामसभेच्या गणपूर्तीला 15 टक्के किंवा 100 मतदार, यांतला कमी असेल तो आकडा लागतो. तेवढे जमत नाहीत, सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. मग पारावर दहा-बारा जण बसतात, प्रोसिडिंगवर सह्या-अंगठे होतात, आराखडा मंजूर. कायद्याने कुठेही बोट ठेवायला जागा नाही. 26 जानेवारीच्या सभेचीही हीच गत. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. ज्या बायांसाठी ती घ्यायची त्या तेव्हा पहाटे तीनला उठून भाकरी थापून फडाकडे निघालेल्या असतात.

अशा आराखड्यात 'आरोग्य' शीर्षाखाली काय उतरतं? पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, धूर फवारणी, उपकेंद्राची रंगरंगोटी, एखादं शिबिर. टीसीएलला मी नावं ठेवणार नाही, पावसाळ्यात तीच कामाला येते. पण गावातली निम्मी कर्ती माणसं वर्षातले पाच-सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यात किंवा कर्नाटकात पालासारख्या कोपीत राहतात, ही या गावांच्या आरोग्याची सगळ्यात मोठी गोष्ट, आणि तिचा आराखड्यात एका ओळीचाही उल्लेख नसतो. ती सांगणारं माणूसच सभेला नसतं.

सातव्या महिन्यातली बाई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्यांच्या गाठोड्यावर बसून निघते, तेव्हा आशाताई धावत येऊन तिच्या हातात लोहाच्या गोळ्यांची पाकिटं आणि माता व बाल संरक्षण कार्ड देते, मागच्या पानावर स्वतःचा मोबाइल नंबर लिहून. आशाच्या हातात तेवढंच असतं. पुढे बाळंतपण कुठे झालं, बाळाचं वजन किती भरलं, हे आम्हाला पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपून माणसं परतल्यावर, कळायचं. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी एकाच हंगामात बुडू शकतात. क्षयाचा साधा उपचारही सहा महिन्यांचा, म्हणजे जवळपास हंगामाएवढाच. गोळ्या इथे सुरू झाल्या आणि तिथे कुणी विचारलं नाही, तर काय होतं हे आपल्या खात्याला मी सांगायला नको. आमच्या रजिस्टरात शेरा पडतो 'स्थलांतरित', आणि त्या शेऱ्याबरोबर आमची जबाबदारी संपते. खरं तर ती तिथून सुरू व्हायला हवी.

गर्भपिशव्यांचं प्रकरण 2019 साली देशभर गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड बायांपैकी 13 हजारांवर बायांची पिशवी काढलेली निघाली. त्यानंतर खासगी दवाखान्यांतल्या शस्त्रक्रियांवर जिल्हा शल्यचिकित्सकांची नजर आली, ते योग्यच झालं. पण बाई शस्त्रक्रियेला तयार का होते, याचं उत्तर दवाखान्यात कमी आणि फडात जास्त आहे. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, कोप्यांच्या तळावर ना संडास ना न्हाणीघर. पाळीच्या दिवसांत सुट्टी घेतली तर खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीत चढतात. गावी परतल्यावर कुणीतरी 'पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल' म्हणतं, आणि ती एकदाचा त्रास मिटवून टाकते. ही साखळी ज्या बाईला तोंडपाठ आहे, तिला आराखड्याच्या बैठकीत बसवा. तज्ज्ञांचा अहवाल लागणार नाही.

लोकांना नियोजनात घेणं राज्याला नवं नाही. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत 23 व्या क्रमांकावर आरोग्य, रुग्णालयं, प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि दवाखाने हे विषय पंचायतींकडे सोपवण्यासाठी दिले आहेत. ग्रामीण आरोग्य अभियान 2005 ला आलं, गावोगाव आरोग्य समित्या झाल्या, समितीला वर्षाला 10 हजारांचा अबंधित निधी ठरला. 2007 पासून काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख व नियोजनाचं काम सुरू झालं. त्या जनसुनवायांत डॉक्टर हजर नसण्यापासून बाहेरून औषधं आणायला लावण्यापर्यंत सगळं लोक समोरासमोर विचारत. अधिकाऱ्यांना घाम फुटे, पण कामं होत. आमच्याकडे या सगळ्याचा सांगाडा शाबूत आहे, माणसं मात्र चुकीच्या महिन्यात बोलावली जातात. शिवाय जिल्हा परिषदेची मुदत 2022 ला संपल्यावर प्रशासक आले, म्हणजे वर दाद मागायला सदस्यही उरला नाही. जिल्ह्याचा पीआयपी, म्हणजे आरोग्य अभियानाचा अंमलबजावणी आराखडा, 2022-24 पासून दोन-दोन वर्षांचा झालाय. एकदा सुटलं की दोन वर्षं सुटलं.

दुसरं टोक कारखान्याकडचं. सपाटीवर 5,000 लोकसंख्येला एक उपकेंद्र, 30,000 ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष. सांगली-कोल्हापूरकडच्या उपकेंद्रातली सिस्टर त्या आकड्यावर लस आणि औषधं मागवते. हंगामात तिच्या हद्दीत कोप्यांचे तळ पडतात, पण तिचं लक्ष्य, तिचा साठा आणि तिचे दोन पाय तेवढेच राहतात. तिने या बायांना परकं मानलं तर तिला दोष देऊन काय उपयोग? तिच्या कागदावर त्या नाहीतच. येत्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. तेव्हाही आमचे बरेच लोक फडातच असतील, याची आठवण आताच करून ठेवतो.

हे जमणार नाही असं कुणी म्हणालं तर पल्स पोलिओकडे बोट दाखवा. त्या मोहिमेत वीटभट्ट्या, बांधकामं आणि उसाचे तळ शोधून काढणारी फिरती पथकं आम्हीच चालवली. एकही कोपी सुटू द्यायची नाही असा वरून हुकूम होता. देशात 13 जानेवारी 2011 नंतर नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा रुग्ण सापडला नाही आणि 27 मार्च 2014 ला भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. एका आजारासाठी सापडलेल्या कोप्या बाळंतपणासाठी सापडत नाहीत, हे मला पटत नाही.

तेव्हा विनंती अशी. आपलं खातं आणि ग्रामविकास खातं मिळून एक परिपत्रक काढा. ऊसतोड गावांनी आरोग्याचा आराखडा 1 मेच्या सभेत चर्चेला घ्यायचा आणि 15 ऑगस्टला कायम करायचा. ऑक्टोबरची मोहीम तोच आराखडा पोर्टलवर चढवण्यापुरती राहील. दसऱ्याआधी प्रत्येक उपकेंद्राने निघणाऱ्या गरोदर बाया, दोन वर्षांखालची मुलं आणि क्षयरुग्ण यांची नावनिशीवार यादी करावी. कोणता मुकादम कोणत्या कारखान्यावर नेतो हे गावाला पाठ असतं, त्यामुळे ती यादी कुठल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला पाठवायची हा प्रश्न अवघड नाही. आणि पोचल्याची सही त्या केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याची असावी, नाहीतर यादीचंही रद्दीत रूपांतर होतं. हंगामापुरती जादा सिस्टर आणि औषधसाठा कारखाना परिसरात द्यावा. इथे पैसा लागेल, पण स्व. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ त्याच कामगारांसाठी आहे. ताळमेळ तुम्हीच घालू शकता.

परिपत्रक एप्रिलच्या मध्यापर्यंत गावात पोचायला हवं. 1 मेच्या सभेची नोटीस ग्रामसेवकांना (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) सात दिवस आधी लावावी लागते, आणि मुंबईतून निघालेला कागद डोंगरात यायला किती वेळ लागतो ते आपल्याला ठाऊक आहेच.

आपला,
एक निवृत्त आरोग्यसेवक, जि. बीड