सुखातही प्रार्थना हवी

महोदय,

परीक्षांचे निकाल जवळ आले किंवा घरात कोणी आजारी पडले, की आनंदवल्लीच्या नवश्या गणपतीला गर्दी वाढते. अडल्या वेळी देवाचा धावा करणे स्वाभाविक आहे, नवस बोलण्यातही गैर काही नाही. परंतु काम झाले, नवस फिटला की देवघराकडे पाठ फिरते, याची मनापासून खंत वाटते.

माझ्या परिचयातील एक कुटुंब निफाड तालुक्यात द्राक्षबाग करते. गारपिटीने घड मातीला मिळाले त्या संध्याकाळी, आणि पुढे माल चांगल्या भावाने गेला त्याही संध्याकाळी, दिवेलागणीला त्यांच्या घरी तोच हरिपाठ त्याच चालीत म्हटला गेला. गारपिटीच्या दिवशी आजोबांचा कंठ दाटून आला, तेव्हा नातवाने टाळ न थांबवता पुढचे चरण उचलले. रोजचा परिपाठ नसता, तर त्या प्रसंगी त्याच्या ओठी ते शब्द आले नसते. प्रार्थनेने गारा थांबत नाहीत की कर्ज फिटत नाही (पंचनाम्यासाठी धावपळ त्यांनाही करावीच लागली), पण घर एकत्र बसते.

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या समाधीला येणाऱ्या दिंड्याही पीक बुडाले म्हणून वारी चुकवत नाहीत. २०२७ च्या सिंहस्थात मुलांना रामकुंडावर पर्वस्नानाला नेणाऱ्या पालकांनी त्यांना रोज पाच मिनिटे देवापुढे सोबत बसवावे आणि निकाल उत्तम लागला त्या दिवशीही बसवावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, पंचवटी, नाशिक