बाबा, गुडघ्यांचं कारण चालणार नाही

नाशिक, गंगापूर रोड

तीर्थरूप आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, मग आई थोडक्यात सांगते आणि निम्मं राहून जातं. म्हणून लिहूनच पाठवते.

तुर्कस्तानहून येऊन आठवडा झाला, आणि आता तुम्हा दोघांना तिकडे घेऊन जायचं मी ठरवलंय. अंताल्याच्या दक्षिणेला डोंगर थेट समुद्रात पाय सोडून बसलेत. तो पट्टा १९७२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. त्यातला तहताली २३६५ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा सातशे मीटरने जास्त. पण माथ्यापर्यंत रोपवे आहे, दहा मिनिटांचा! वर उभी राहिले तर खाली निळं पाणी आणि मागे डोंगरांच्या रांगा. मला मात्र तुम्हीच दिसत होतात. गेल्या श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला लोक निघाले आणि तुम्ही गुडघ्यांमुळे ओट्यावरून बघत बसलात, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

फासेलिस नावाचं जुनं शहर पाइनच्या झाडीत आहे. तीन बंदरं, मधून फरसबंद रस्ता, कमानींवरून पाणी आणणारा पाट. सिकंदर तिथे हिवाळ्यात मुक्कामाला होता. रस्ता सपाट आहे, आईलाही सहज जमेल. पुढे ऑलिम्पोस नावाच्या दुसऱ्या जुन्या शहरात अवशेषांमधूनच ओढा वाहतो. तो समुद्राला मिळतो तिथे युडेमोस नावाच्या एका कप्तानाची दगडी शवपेटी आहे, तिच्यावर जहाज कोरलंय. त्याचं जहाज शेवटच्या बंदराला लागलं, आता ते परत निघणार नाही, अशा अर्थाच्या ओळी आहेत. ते वाचलं आणि मी बराच वेळ तिथेच बसून राहिले.

आई, तुझ्यासाठी यानार्ताश. तू कांगड्याला ज्वालामुखीच्या देवळात पाहिलीस ना, तशीच खडकातून आपसूक येणारी ज्योत. भेगांमधून मिथेन वायू येतो आणि पेटत राहतो. एक-दोन नव्हे, डोंगराच्या उतारावर जागोजागी ज्वाळा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लिखाणातही तिचा उल्लेख सापडतो. अंधार पडल्यावर बघायची. तिथला चढ मात्र खरा आहे, बाबांनी खाली चिरालीच्या किनाऱ्यावर थांबायचं. त्या वाळूत समुद्री कासवं अंडी घालतात, आपल्या वेळासला येतात तशी.

उन्हाळ्यात तिकडेही फार तापतं, म्हणून ऑक्टोबर धरलाय. पैशांचं बोलू नका. बाबा, वणीला ट्रॉली झाली तरी तुम्ही पायऱ्यांचाच हट्ट धरलात आणि शेवटी दर्शन न घेताच फिरलात. या वेळी तो हट्ट सोडा, माझ्यासाठी. वर पोचणं महत्त्वाचं आहे.

दोघांची आधार कार्डं आणि जन्मतारखेचे दाखले एका पिशवीत काढून ठेवा. रविवारी सकाळच्या गाडीने त्र्यंबकला येते आणि पासपोर्टचा अर्ज तिथेच बसून भरते.

तुमची लेक