हक्कसोडपत्र वाचून दाखवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आम्हा बायकांचा मनापासून नमस्कार.

आमचं बोलणं मराठी, जमिनीचा उतारा कन्नड. वडिलांचं बारावं उरकलं की भाऊ म्हणतो, "वारसा लावायचाय, सही कर." माहेर तुटायला नको म्हणून बहीण सही करते. पुष्कळदा तो कागद वारशाचा नसतोच, हक्कसोडपत्र असतं, आणि सब-रजिस्ट्रारकडं नोंदलं की हिस्सा गेला. तुम्ही मथळ्यावर बोट ठेवून दाखवलंत, इथं ‘हक्कु बिडुगडे’, म्हणजे कन्नडात हक्कसोड, असेल तर आधी पेन खाली ठेवा.

हिशेबही तुम्हीच मांडून दिलात. वडिलांची स्वकष्टाची 4 एकर, मृत्युपत्र नाही, आजी हयात नाही. मागं आई, एक मुलगा, दोन मुली. प्रत्येकी 1 एकर, म्हणजे 40 गुंठे. मुलीचं लग्न कधी झालं, हा प्रश्नच इथं येत नाही. वडिलोपार्जित जमिनीत मात्र तोच प्रश्न पुढं करून आजही बायकांना गप्प बसवतात. कर्नाटकानं 1994 साली मुलींना जन्मतः हक्क दिला, पण तोवर लग्न झालेल्यांना वगळलं. केंद्रानं 2005 साली हिंदू वारसा कायद्यात केलेल्या दुरुस्तीत ती अट नाही. ती दुरुस्ती झाली त्या वेळी वडील हयात असायला हवेत असंही नाही, हे सुप्रीम कोर्टानं 11 ऑगस्ट 2020 ला सांगितलं. 20 डिसेंबर 2004 पूर्वीची रजिस्टर किंवा कोर्टाच्या हुकमानं झालेली वाटणी मात्र मोडत नाही. नुसतं "तोंडी वाटणी झालीय" म्हणून भागत नाही.

घोळ सुरू होतो वंशावळीत. तिथं लेकींची नावं गाळली की फेरफारात त्या दिसतच नाहीत. नाव उताऱ्यावर माहेरचं, आधारवर सासरचं असलं तर शाळेचा दाखला, लग्नाचा दाखला नि प्रतिज्ञापत्र जोडायचं, हेही तुमच्याकडूनच कळलं. फसवून सही घेतली असेल तर फसवणूक कळल्यापासून 3 वर्षांत दावा लावायचा. वकिलाच्या फीपायी अडायचं कारण नाही. बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज करायचा.

भावाला हिस्सा सोडायचाच, असं ठरवून आलेल्या बाईलाही तुम्ही कधी बोल लावला नाही. सर्व्हे नंबर कुठला, गुंठे किती, सगळं वाचून दाखवलंत आणि निर्णय तिच्यावर सोडलात. याबद्दल तुमचे आभार मानावे तेवढे थोडेच.

एक विनंती आहे. कन्नड शाळेत शिकलेल्या आमच्या काही लेकी तुमच्याजवळ बसायला तयार आहेत. त्यांना उतारा, ईसी (जमिनीवरचे नोंदलेले व्यवहार नि बोजा दाखवणारा दाखला) आणि वंशावळ वाचायला शिकवा.

आपल्या,
खानापूर तालुक्यातल्या स्त्रीशक्ती गटांच्या बायका